केळीच्या कंटेनरमधला तापमान लॉगर: हंगामभर वापरल्यानंतर

केळी निर्यात करणाऱ्याने खोक्यात ठेवायचा हा छोटा यूएसबी लॉगर घ्यावाच, असं माझं आता ठाम मत आहे. आमचा माल रावेर-सावदा पट्ट्यातून न्हावा शेवाला आणि तिथून आखातात जातो. चाळीस फुटी रिफर, म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर, साधारण वीस टन माल. प्रत्येक कंटेनरमध्ये दोन लॉगर ठेवतो, एक मधल्या थरात आणि एक दाराजवळ. दर दहा मिनिटांनी तापमानाची नोंद होते. माल उतरला की खरेदीदार लॉगर कॉम्प्युटरला लावतो, पीडीएफ आपोआप तयार होते आणि व्हॉट्सॲपवर आपल्याकडे येते.

केळीला साडेतेरा अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. तेराच्या खाली बराच वेळ राहिली तर पिकवल्यावर पिवळी न होता राखाडी दिसते. वर गेली तर वाटेतच पिकायला लागते, आणि एक फणी पिकली की तिच्या इथिलीनने शेजारच्याही पिकतात. माल खराब निघाला की आमच्याकडे सगळे जहाजाकडे बोट दाखवायचे. लॉगरचे आलेख पाहिले तर समुद्रातली रेघ जवळजवळ सरळ! चढ-उतार सगळे जमिनीवरचे, तेही बहुतेक आपल्याच पॅकहाऊसच्या, म्हणजे माल खोक्यात भरतो त्या जागेच्या, दारात.

मे महिन्यातला एक आलेख मी छापून पॅकहाऊसमध्ये लावलाय. बाहेर त्रेचाळीस अंश, दार उघडं, भराई रेंगाळलेली. दाराजवळचा लॉगर बावीसवर गेला आणि पुन्हा चौदावर यायला दुसरा दिवस उजाडला. रिफर गार माल गार ठेवण्यासाठी असतो. गरम माल भरला तर तो थंड व्हायला दिवस-दीड दिवस सहज जातो. म्हणून आता प्रीकूलिंग (भराईआधी माल गार करणं) पूर्ण होऊन गराचं तापमान चौदावर आल्याशिवाय कंटेनर दाराला लागत नाही आणि भराई पहाटेच होते.

दुसरा फायदा गाडीच्या नियोजनात झाला. आधी कापणीचा दिवस ठरवून मग गाडी मागवायचो. आता जहाजाच्या गेट कटऑफपासून (कंटेनर बंदराच्या गेटात घ्यायची शेवटची वेळ) उलटं मोजतो: बंदरावरची रांग, ठाण्याकडे अवजड वाहनांवरची वेळेची बंधनं, चारशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, भराई, प्रीकूलिंग, मग कापणी. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून घाटाचा त्रास कमी झालाय, पण आमणेच्या पुढे वेळेची खात्री नाही, तिथे मी जास्तीचेच तास धरतो.

एका फेरीत रेघ मध्यरात्री चढली आणि तीन तास वरच राहिली. वाहतूकदार म्हणाला, "शेठ, गाडी चालूच होती." गाडी चालू असेलही, पण रिफरला वीज देणारा जेनसेट बंद होता. आलेख समोर ठेवल्यावर बोलणं संपलं. तेव्हापासून भाड्याच्या करारातच जेनसेट सुरू ठेवायची अट आणि निघताना डिझेल तपासायची ओळ आहे. ड्रायव्हरभाऊंनाही हे बरं पडतं, विनाकारण दोष त्यांच्या माथी येत नाही.

उणिवा आहेत. पुन्हा वापरायचे लॉगर परदेशातून परत येत नाहीत, खरेदीदार पाठवायचा कंटाळा करतो. निर्यातीला एकदाच वापरायचे स्वस्त लॉगर घ्या, महाग लॉगर देशातल्या फेऱ्यांना ठेवा. लॉगर माल पोचल्यावरच बोलतो, वाटेत नाही. वाटेतच कळायला हवं असेल तर सिमवाला घ्यावा लागेल. घेतल्यावर बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा, आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. आणि घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा. दुबई दीड तास मागे आहे. तिकडे कुणी वेळ बदलली, तर भराईची आणि जहाजाची नोंद जुळत नाही आणि दावा करताना तोच मुद्दा समोरचा धरून बसतो.