'शिकागो फायर' की 'रेस्क्यू मी': आधी कुठली लावावी?

दोन्ही मालिका अमेरिकेतल्या, दोन्ही भर शहरातल्या फायर स्टेशनच्या. पण एक आवडली म्हणून दुसरी पचेलच असं नाही.

'शिकागो फायर' एनबीसीवर २०१२ साली सुरू झाली. पहिल्याच भागात केसी आणि सेव्हराइड या दोन फायरमनचा मित्र आगीत जातो आणि दोघं त्याचं खापर एकमेकांवर फोडतात. पुढे जवळजवळ प्रत्येक भागात एक तरी थरारक कॉल. आपण लाल गाडी दिसली की सरसकट 'बंब' म्हणतो. इथे इंजिनवाले पाण्याचा पाइप धरतात, ट्रकवाले शिड्या लावतात, दारं फोडतात, धूर बाहेर पडावा म्हणून छप्पर कापतात, आणि स्क्वॉड अडकलेल्यांना सोडवतं. या वाटणीतली चढाओढ बघायला मजा येते. बाकी प्रेमप्रकरणं आपल्या डेली सोपला लाजवतील अशी! कटकट एकच: मधूनच एखादी गोष्ट इथे सुरू होते आणि 'शिकागो पी.डी.' या पोलिसांवरच्या जोडमालिकेत जाऊन संपते. आणि केसीवर जीव जडला तर आधीच सांगतो, दहाव्या सीझनमध्ये तो निघून जातो.

'रेस्क्यू मी'मध्ये (एफएक्स, २००४ ते २०११) आगी कमी, आग विझल्यानंतरचं जास्त. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या फायर डिपार्टमेंटचे ३४३ जण गेले. टॉमी गॅव्हिन वाचला, त्याचा चुलतभाऊ जिमी गेला. आता जिमी टॉमीला दिसतो, त्याच्याशी बोलतो. टॉमी दारू पितो, दुरावलेल्या बायकोच्या घरासमोरच रस्त्यापलीकडे राहतो, आणि जिमीच्याच विधवेत गुंततो. एवढं वाचून रडकी मालिका वाटेल, पण स्टेशनमधल्या जेवणाच्या टेबलावरची टवाळी ऐकून पोट दुखेपर्यंत हसायला येतं. ती टवाळी बऱ्याचदा बायकांबद्दल, समलिंगींबद्दल इतकी घाणेरडी असते की दोनदा मी मालिका सोडली होती.

टॉमीचं काम करणारा डेनिस लिअरी हाच पीटर टोलनसोबत मालिकेचा निर्माता. १९९९ मध्ये वूस्टर शहरात एका गोदामाच्या आगीत सहा फायरमन गेले, त्यात लिअरीचा चुलतभाऊ होता. जिमीच्या प्रसंगांत लिअरीचा चेहरा बघताना हे आठवतंच.

घरी सगळ्यांनी मिळून बघायची असेल तर विचारच नको, 'शिकागो फायर'. तिचा मधलाच भाग लावला तरी फारसं अडत नाही. 'रेस्क्यू मी' मात्र पहिल्यापासून, एकट्याने, हेडफोन लावून. सात सीझन, ९३ भाग, आणि ती खरोखर संपते. मी स्वतः आधी तीच लावेन. पण चौथ्या-पाचव्या भागापर्यंत टॉमीचा नुसता रागच येत राहिला, तर खुशाल शिकागोला जा.