स्पोर्ट्स वाचायला पैसे कोण देतं? फंडिंगवाली साइट, फुकटवाली साइट की स्वतःचं दुकान

भाचा नेरूळला राहतो. २ नोव्हेंबर २०२५ ला डीवाय पाटीलमध्ये आपल्या पोरींनी साउथ आफ्रिकेला ५२ रननी हरवून वर्ल्ड कप उचलला तेव्हा हा स्टँडमध्ये होता, आणि त्या रात्रीपासून डोक्यात किडा शिरलाय की आयटीची नोकरी सोडायची आणि फुल टाइम स्पोर्ट्स लिहायचं. परवा ठाण्यात तलावपाळीला भेटला, म्हणाला मामा, तीन ऑप्शन दिसतायत. गुंतवणूकदारांचं फंडिंग मिळालेल्या एका सबस्क्रिप्शन साइटवर नोकरी, जाहिरातींवर चालणाऱ्या फुकट साइटवर नोकरी, नाहीतर एका मित्राला घेऊन स्वतःचं पेड न्यूजलेटर, मराठीत, ठाणे-नवी मुंबईतलं मैदानी क्रिकेट आणि कबड्डी. मी एकेकाळी पेपरात क्रीडा डेस्कवर होतो आणि मालकाने खर्च कापायला घेतला तेव्हा पहिलं आमचंच पान गेलं, त्यामुळे माझं मत थोडं कडू असणार हे धरूनच वाचा.

फंडिंगवाल्यांचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं द अॅथलेटिक. २०१६ ला शिकागोत सुरू झालं, जाहिरात नाही, फक्त वर्गणी, गावोगावच्या पेपरांतले चांगले रिपोर्टर पगार देऊन उचलले. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते ५५ कोटी डॉलरला घेतलं तेव्हा वर्गणीदार होते साधारण १२ लाख, म्हणजे एका वाचकामागे साडेचारशे डॉलरच्या वर मोजले! ऐकायला भारी वाटतं, पण तोपर्यंत कंपनी तोट्यातच होती, आणि पहिला नफ्याचा क्वार्टर आला तो २०२४ मध्ये, तोही टाइम्सच्या बंडलमध्ये बातम्या, रेसिपी, शब्दकोडी यांच्याबरोबर विकल्यावर. आणि २०२३ मध्ये टाइम्सने स्वतःचा जुना स्पोर्ट्स डेस्कच बंद केला. म्हणजे एकट्या वर्गणीवर एवढा मोठा डोलारा उभा राहिला असं नाही म्हणता येत, श्रीमंत सासर मिळालं म्हणून निभावलं. त्याआधी कोविडमध्ये मॅचेस बंद पडल्या तेव्हा जून २०२० ला आठ टक्के लोकांना घरी पाठवलं होतंच. तर भाच्याला सांगितलं, इथे जायचं असेल तर हातात येणारा पगार बघ, कंपनीचे शेअर देतो म्हणाले तर तो आकडा शून्य धर.

फुकटवाल्यांचं फार बोलायला नको. क्रिकइन्फो १९९३ पासून आहे, क्रिकबझ आहे, स्कोअर आणि मॅच रिपोर्ट आपल्याकडे नळाच्या पाण्यासारखं झालंय, त्याला वेगळे पैसे कोण देणार. सगळी भिस्त जाहिरातींवर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन मनी गेमिंगवर बंदीचा कायदा आला तेव्हा फँटसीवाल्यांचा पैसा एका फटक्यात आटला, ड्रीम११ तर टीम इंडियाच्या जर्सीवरून पण गेलं. नोकरी मिळेल, पण दिवसाला दहा बातम्या पाडाव्या लागतील.

आता तिसरं. इथे बघायचं अमेरिकेतल्या डिफेक्टर या साइटकडे. डेडस्पिन नावाच्या साइटवर मालकाने सांगितलं फक्त खेळावरच लिहा, संपादकाला काढलं, २०१९ च्या शेवटी अख्ख्या टीमने राजीनामे दिले आणि २०२० मध्ये स्वतःची कंपनी काढली, मालक तेच कामगार तेच. जेमतेम वीसेक माणसं, पहिल्या वर्षी ४० हजारांच्या आसपास वर्गणीदार आणि ३२ लाख डॉलर कमाई. कुणा गुंतवणूकदाराला दहापट परतावा द्यायचा नव्हता म्हणून तेवढ्यात भागलं. पण ते वाचक बरोबर घेऊन आले होते हे विसरू नकोस म्हटलं, तुझे इन्स्टावर नऊशे आहेत, त्यातले निम्मे कॉलेजचे.

मग तिथेच टिश्यूवर हिशोब मांडला. दोघांना तीस-तीस हजार, फिरणं-होस्टिंग पंधरा, म्हणजे वर्षाला नऊ लाख. वर्गणी ४९९ ठेवली आणि पेमेंट गेटवेचं कापून ४८० हातात आले तर १८७५ लोक लागतात. त्यातल्या एक तृतीयांशांनी दुसऱ्या वर्षी रिन्यू केलं नाही तर नुसतं आहे तिथे राहायला सव्वासहाशे नवीन शोधायचे. आणि आपला मराठी वाचक कसा, पेपर घेतो पण महिन्याच्या शेवटी रद्दीचे पैसे परत येतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला पेपरची पीडीएफ येऊन पडलेली असते! क्रिकेटर संदीप पाटील संपादक होते ते 'एकच षटकार' हे खेळाचं मॅगझिन आम्ही स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून पैसे मोजून घ्यायचो, कारण तेव्हा दुसरीकडे ते मिळतच नव्हतं.

तर विकायचं काय, तर जे दुसरीकडे मिळत नाही ते. सकाळच्या लोकलमध्ये ठाण्याहून पोरं स्वतःपेक्षा मोठी किट बॅग घेऊन चढतात बघा, त्यांच्या आईबापांनी बॅटला हजारो घातलेले असतात. सिलेक्शन ट्रायल कधी, कुठल्या क्लबात खरंच नेट प्रॅक्टिस मिळते, मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये कोण चाललं, अंडर-१४ चे स्कोअर, हे कुणी नीट दिलं तर ४९९ त्यांना काहीच नाहीत. कबड्डीचं तसं नाही, तिथे प्रेम खूप पण मंडळवाले पैसे द्यायच्या ऐवजी पास देतील. आणि आईबाप वर्गणीदार झाले की आमच्या सोहमचे ४२ रन का नाही छापले म्हणून फोन येणार, त्याची तयारी ठेव.

माझं मत विचाराल तर नोकरी सोडू नको, शनिवार-रविवार मैदानावर जा, वर्षभर तिसरंच चालव, आणि किती जण आले त्यापेक्षा किती जणांनी दुसऱ्यांदा पैसे भरले ते बघ. घराचा हप्ता नसता तर पहिलं पण दोन वर्षं करून बघ म्हटलं असतं, दुसरं मात्र कुठल्याच हिशोबात नाही.

भाचा खूश, लगेच क्यूआर कोड पुढे केला, म्हणे पहिला सबस्क्रायबर तू हो मामा. भरले ४९९, पण सांगून ठेवलंय, नातेवाईक १८७५ मध्ये धरायचे नाहीत.