जायरो सर्व्हेच्या नावाखाली ४,६५,६२८ रुपयांची टोपी

बोअर जमिनीखाली कुठल्या दिशेला गेला हे मोजायचा सर्व्हे. बिल जायरोचं लावलं आणि बोअरमध्ये सोडला साधा चुंबकीय मल्टिशॉट, म्हणजे होकायंत्रासारखी चुंबकाने दिशा मोजणारं उपकरण. सहा बोअर, एकूण १,८४० मीटर, दर मीटरला १९० रुपये. त्याचे ३,४९,६०० रुपये, वर ने-आणीचे ४५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७१,०२८. जीएसटी क्रमांक आधीच रद्द झालेला होता, म्हणजे त्या ७१,०२८चं क्रेडिटही बुडालं. बिल भरण्याआधी पोर्टलवर क्रमांक टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. पाहा.

काम पूर्व विदर्भातल्या लोहखनिजाच्या शोधाचं. खडकात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचे, पट्टे असताना चुंबकीय प्रोबने (बोअरमध्ये सोडायच्या मापन-नळीने) दिशा मोजण्यात अर्थ नाही, म्हणूनच तर दुप्पट पैसे मोजून जायरो मागवला होता. उत्तर दिशा शोधणारा जायरो पृथ्वीचं फिरणं मोजतो, ताशी १५.०४ अंश. त्याला खडकाशी, बोअरमधल्या लोखंडी केसिंगशी (आधाराच्या पाइपाशी), ड्रिलिंगच्या रॉडशी काही देणंघेणं नसतं. मात्र प्रत्येक थांब्यावर त्याला अगदी स्थिर उभं राहावं लागतं.

आणि नेमकं तिथेच कळायला हवं होतं! २९० मीटरचा बोअर, दर ५ मीटरला वाचन, म्हणजे ५९ थांबे. सर्व्हे एजन्सीच्याच कोटेशनमध्ये प्रत्येक थांब्याला दोन मिनिटं लिहिलेली. जाताना-येताना मिळून जवळपास चार तास व्हायला हवेत. पन्नास मिनिटांत प्रोब बाहेर! विचारलं तर ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, कंटिन्युअस मोड आहे,’ म्हणजे न थांबता चालता-चालता मोजणं. असा मोड खरोखर असतो, म्हणून शब्द पटला. पण कंटिन्युअस मोडलाही सुरुवातीला उत्तर दिशा धरायला स्थिर थांबावं लागतं. इथे प्रोब विंचवर लोंबकळत होता आणि शेजारी रिगचं इंजिन धडधडत होतं. प्रोबवरचा अनुक्रमांक कानशीने घासलेला. आता आम्हाला अक्कल शिकवणाऱ्यांनी हेही ऐकावं : कोटेशन सर्वांत स्वस्त नव्हतं, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र रंगीत आणि शिक्क्यानिशी होतं, आणि जाण्या-येण्याची वाचनं दुसऱ्या दशांशापर्यंत जुळत होती.

तीच तर मेख. खरी वाचनं इतकी जुळत नाहीत. केबल ताणते, विंच थोडी घसरते, प्रोब वेगळ्या बाजूला टेकतो. एनक्यू मापाच्या ड्रिल रॉडचा आतला व्यास ६०.३ मिमी, त्यात ४२ मिमी जाडीचा, दीड मीटर लांबीचा प्रोब सेंट्रलायझरशिवाय (मधोमध धरणाऱ्या कड्यांशिवाय) सोडला तर तो ०.७ अंशापर्यंत तिरका बसू शकतो. फाइलमध्ये पृथ्वीच्या गतीचा रकाना होता, त्यात ५९ ओळींत ५९ वेळा १५.०४. गुरुत्वाच्या रकान्यात सगळीकडे १.०००. खऱ्या प्रोबचे हे आकडे शेवटच्या दशांशात सतत हलत असतात. पीडीएफ घेऊ नका, कच्ची फाइल वेळेच्या नोंदींसह मागा, आणि तीही त्यांचा माणूस साइटवर असतानाच.

दुसऱ्या एजन्सीने तपासलं तेव्हा डिप, म्हणजे बोअरचा खाली जाण्याचा उतार, ०.२ अंशाच्या आत जुळला. दिशा मात्र १४० मीटरखाली, म्हणजे मॅग्नेटाइटचा पट्टा लागतो तिथून, सरासरी ११ अंशांनी चुकलेली. डिप खरा आणि दिशा खोटी, यावरून आत काय सोडलं होतं ते जाणकाराला सांगावं लागत नाही. ६० अंशांच्या बोअरमध्ये त्यामुळे तळाची जागा १४ मीटर सरकते. त्या आकड्यांवर पुढचा बोअर आखला गेला, त्याचे ७,५४,००० रुपये वेगळे.

प्रोब आत सोडण्याआधी बोअरच्या तोंडाशीच रोल टेस्ट करून घ्या : प्रोब एका जागी ठेवून ९०-९० अंशांनी चार वेळा फिरवायचा, चारही वेळा दिशा तीच यायला हवी. तापमान स्थिरावेपर्यंत थांबायला लावा. रिग बंद. कॉलरची, म्हणजे बोअरच्या तोंडाची, दिशा टोटल स्टेशनने (जमीनमोजणीच्या यंत्राने) आपल्या माणसाकडून आधी मोजून ठेवा आणि ती त्यांना सांगू नका. जायरो खरी उत्तर दिशा दाखवतो, तुमचा नकाशा त्यावरच्या ग्रिडच्या उभ्या रेषांची. भंडाऱ्याजवळ यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४४व्या झोनमध्ये हा फरक साधारण अर्धा अंश. कुणी ‘अर्धा अंशच तर आहे’ म्हणून तीन अंशांची चूक यात ढकलू लागला तर ऐकू नका.

आता सरकारी कृपा. पोलीस ठाण्यात दोन्ही एजन्सींचे आलेख समोर ठेवले. उत्तर मिळालं, ‘भोक जागेवर आहे ना? मग चोरी कसली? ही दिवाणी बाब आहे.’ खोटं प्रमाणपत्र दाखवलं, तर म्हणे ज्यांच्या नावाचं आहे त्यांनी तक्रार करावी. ती प्रयोगशाळा म्हणते, आमचं नाहीच, आमचा संबंध काय? ग्राहक आयोगाचं दार २०१९च्या कायद्यानेच बंद, कारण सेवा व्यापारी कामासाठी घेतलेली. वजन-मापवाल्यांनी तर जायरो म्हणजे काय इथूनच सुरुवात केली आणि अर्ज आवक-जावकमध्ये ढकलला. पैसे खाणारा मोकळा, आणि झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन फिरायचं आम्ही!

गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या. तिथेही हललं नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकारी. फसवणुकीचं कलम ३१८, भारतीय न्याय संहितेतलं. अर्जात ‘सर्व्हे चुकला’ लिहू नका, ‘सांगितलेलं उपकरण वापरलंच नाही’ असं लिहा. पहिल्या वाक्यावर ते तुम्हाला दिवाणीकडे पाठवतात.

प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्रोबवर कोरलेला क्रमांक शेजारी धरून फोटो काढा. निम्मे पैसे फेरतपासणीपर्यंत अडवून ठेवा, ऑर्डरमध्येच तसं लिहून. आणि दुसऱ्याने एक बोअर तपासेपर्यंत कुठल्याच बोअरचं केसिंग उपसू देऊ नका, ड्रिलर कितीही घाई करो.