पेनिंग गेज, नऊ महिने आणि अर्थिंगच्या स्टडखालचा रंग

भोसरीत आमचं छोटं मेटलायझिंग युनिट आहे. प्लास्टिकच्या टोप्या आणि रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियम चढवतो. व्हॅक्यूम मोजणाऱ्या पिरानी-पेनिंग गेजचा हा कंट्रोलर ऑक्टोबरात घेतला. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती उगाळत नाही. रीडिंगबद्दल तक्रार नाही, टेन मायनस फोरच्या खोल व्हॅक्यूमला आकडा गुमान उभा राहतो. डिफ्युजन पंपाच्या तेलाने हेड (व्हॅक्यूम चेंबरवर बसणारा, मोजणारा भाग) आतून काळं पडतं, दोन-अडीच महिन्यांनी घासावं लागतं. ते कुठल्याच पेनिंगला चुकलेलं नाही.

जुलैत बिनसलं. एका सकाळी आमचं पोरगं एक हात चेंबरच्या दारावर ठेवून दुसऱ्या हाताने हेडची केबल नीट करायला गेलं आणि "शेठ, मुंग्या आल्या!" म्हणत मागे सरकलं. फरशी ओली, पायात स्लिपर. टेस्टर लावला तर हेडच्या बॉडीवर निऑन मंद पेटलेला. मल्टिमीटरवर चेंबर आणि हेड यांच्यात एसी १०४ व्होल्ट.

पेनिंगच्या ॲनोडवर दोन-तीन हजार व्होल्ट डीसी असतात, त्यामुळे ती एचटीच (हाय टेन्शन) लीक झाली असं धरून मी कंपनीला फोनवर यथेच्छ सुनावलं. त्यांचं उत्तर: "तुमच्या साइटचं अर्थिंग बघा, माणूस हवा असेल तर व्हिजिट चार्ज साडेतीन हजार अधिक जीएसटी." वॉरंटीत! त्या रात्री मी रेटिंगमध्ये एकच तारा देऊन मोकळा झालो होतो.

तो तारा आता मागे घेतोय, पण अर्धाच.

कारण सकाळी डोकं थंड झाल्यावर लक्षात आलं की मुंग्या आल्या तेव्हा चेंबर व्हेंट केलेलं, म्हणजे आत हवा सोडलेलं होतं, एचटी बंदच होती. आणि मीटर डीसीवर काहीच दाखवत नव्हता. कंट्रोलरचा प्लग उपसला की १०४ गायब. म्हणजे हे मेन्सचं, सॉकेटमधल्या २३०चं काम. कंट्रोलरच्या पॉवर सप्लायच्या (एसएमपीएस) फिल्टरमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी २३०च्या साधारण निम्म्यावर तरंगते. सॉकेट खोललं. अर्थच्या पिनमागे वायरच नाही! जुन्या बोर्डावरून दोनच वायरी ओढलेल्या, वर थ्री-पिनचा मुखवटा.

वायरमन मामांनी साठचा बल्ब लावून बघितला. "पेटत नाही शेठ, म्हणजे करंट नाही." बल्ब पेटण्याएवढा नाहीच, पण मुंग्यांना तेवढा पुरतो. आणि उद्या आत फेजची वायर बॉडीला टेकली तर मामांचा बल्बही पेटेल. मग म्हणाले, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करून देतो, दोन मिनिटांचं काम. हात जोडले. मागे कुठे न्यूट्रल सुटली की कंट्रोलरचा अख्खा डबा २३०वर जातो. मेन पॅनेलच्या अर्थ पट्टीपासून चार स्क्वेअरची हिरवी वायर ओढून घेतली, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवला. एकूण दोन हजार नऊशे, व्हिजिट चार्जपेक्षा स्वस्त.

माझाही गाढवपणा सांगतो. हेडसोबत आलेला, जोड आवळायचा धातूचा केएफ २५ क्लँप मी रफिंग लाइनला (सुरुवातीची हवा उपसणाऱ्या पाइपला) वापरला आणि इथे ड्रॉवरमध्ये पडलेला प्लास्टिकचा लावला. मधे रबरी ओ-रिंग, वर प्लास्टिक; हेड आणि चेंबर यांच्यात विजेचा भरवशाचा जोडच उरला नाही. पेनिंगची बॉडी म्हणजे कॅथोड. तिला अर्थ नसताना आतल्या विरळ वायूत डिस्चार्ज पेटला तर ती ॲनोडच्या व्होल्टेजकडे चढू शकते. पोराने पंपिंग चालू असताना हात लावला असता तर, हे मी फार वेळ मनात धरत नाही. क्लँपचे जेमतेम दोनशे वाचवले होते.

आता कंपनीचा अर्धा दोष. मॅन्युअल म्हणतं, कंट्रोलरच्या मागच्या अर्थिंगच्या स्टडवरून चेंबरला वेगळी वायर घ्या. घेतली. तपासायला स्टड आणि डब्याचा उघडा स्क्रू यांच्यात मीटर धरला: कधी ३० ओहम, कधी ओपन. नट खोलला. खाली जाडजूड निळी पावडर कोटिंग, स्टडच्या दोन्ही बाजूंना! अर्थचं चिन्ह मात्र सुबक छापलंय. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, काटेरी वॉशर घातला, नट आवळला: ०.३ ओहम, म्हणजे मीटरच्या वायरींचाच. आठ आण्याचा वॉशर आणि रंगवताना एक चिकटपट्टी, एवढं पंचेचाळीस हजारांच्या वस्तूत बसत नाही?

त्यानंतर मुंग्या नाहीत. एक अनपेक्षित फायदाही झाला: ग्लो डिस्चार्ज चालू केला की पिरानीचा आकडा नाचायचा, तो बऱ्यापैकी शांत झाला. हेड घासायला काढताना मात्र आधी कंट्रोलर बंद, मग प्लग बाहेर, मग केबल. पोराला तसं भिंतीवर लिहून दिलंय.

साडेतीन तारे. काल कंपनीतून रेटिंग वाढवा म्हणून फोन आला. त्यांना स्टडचा घासण्याआधीचा फोटो पाठवलाय.