प्रिंटर स्वस्त, शाई महाग : काही महिन्यांच्या वापरानंतर

छपाईच्या दर्जाबाबत या इंकजेट प्रिंटरविषयी माझी काहीही तक्रार नाही. अक्षरे ठसठशीत उमटतात, कागद क्वचितच अडकतो आणि वायफायची जोडणीही विनासायास झाली. धक्का बसला तो शाई संपल्यावर. काळे आणि रंगीत अशी दोन कार्ट्रिज एकत्र घ्यायला गेलो, तेव्हा त्यांची किंमत जवळजवळ अख्ख्या प्रिंटरच्या किमतीला भिडली होती.

यंत्र स्वस्तात द्यायचे आणि नफा शाईवर काढायचा, हे या धंद्याचे जुने गणित आहे. त्याबद्दल खरेदीच्या वेळी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. प्रिंटरसोबत मिळालेली कार्ट्रिज पूर्ण भरलेली नव्हती, हेही माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दडलेले होते.

कार्ट्रिजच्या खोक्यावरचा, त्यातून किती पाने छापता येतील तो आकडा खोटा नसतो, पण तो आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरावीक नमुना-पाने सलग छापून काढलेला असतो. घरी आपण आठवड्यातून दोन-चार पाने छापतो. मधल्या काळात नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, ती सुकू नये म्हणून प्रिंटर स्वतःच सफाई करतो आणि त्यात वापरलेली शाई आतल्या शोषक पॅडमध्ये जिरते, म्हणजे विकत घेतलेल्या शाईचा काही भाग कागदापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय रंगीत कार्ट्रिजमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन कप्पे एकत्र असल्यामुळे, पिवळा संपला की उरलेल्या दोन रंगांसह सगळेच टाकून द्यावे लागते. मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

पुनर्भरण केलेले स्वस्त कार्ट्रिजही वापरून पाहिले. ते काही दिवस चालले, पण फर्मवेअर (प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत होताच प्रिंटरने ते ओळखायचे नाकारले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेझर प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिजच्या एका खटल्यात, एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही, असा निवाडा दिला होता. पण कार्ट्रिजची ओळख पटवणाऱ्या चिपला निवाडे वाचता येत नाहीत.

सध्या मी मजकूर ग्रेस्केल (रंगांऐवजी करड्या छटा) आणि ड्राफ्ट (कमी शाईची फिकट छपाई) मोडमध्ये छापतो, त्यामुळे खर्च थोडा आटोक्यात आला आहे. अधूनमधून रंगीत छायाचित्रे छापणाऱ्यांनी हा प्रिंटर जरूर घ्यावा, मात्र आधी कार्ट्रिजच्या किमतीला पानांच्या आकड्याने भागून पाहावे. भरपूर रंगीत छपाई असेल, तर शाईच्या टाकीचा प्रिंटर सुरुवातीला महाग वाटला तरी पुढे परवडतो. ज्यांना फक्त मजकूर छापायचा आहे, त्यांना मी कृष्णधवल लेझर प्रिंटर सुचवेन, कारण टोनर ही कोरडी भुकटी असल्याने यंत्र महिनाभर बंद राहिले तरी ती सुकण्याचा प्रश्नच येत नाही.