पोप ग्रेगरीची पत्रं: माल चोख, बांधणी कच्ची (३ तारे)

चूक माझीच. पानठेल्यावर लीप वर्षावरून वाद झाला, म्हणून जवायाला म्हटलं, तो कॅलेंडरवाला ग्रेगरी पोप आहे ना, त्याचं एखादं पुस्तक मागवा. आठ दिवसांनी तालुक्याच्या स्टँडवरून पार्सल आणलं (कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, त्याचे तारे मी कापत नाही). उघडून पाहतो तर हा पहिला ग्रेगरी, ५९० ते ६०४ या काळात पोप असलेला. कॅलेंडर सुधारलं तेराव्यानं, १५८२ मध्ये. हजार वर्षांची चूक! जवाई म्हणाले, "मामाजी, परत करू का?" म्हटलं, राहू द्या, थंडीचे दिवस आहेत, वाचून तर पाहू.

६४० रुपयांच्या मानानं छपाई भिकार. जुन्या इंग्रजी भाषांतराची पानं स्कॅन करून जशीच्या तशी छापली आहेत. काही तिरपी, दोन पानांची खालची ओळच गायब. टिपा भिंगाशिवाय दिसत नाहीत. अनुक्रमणिका नाही.

सुरुवातीला बिशपानं कसं वागावं याचा ग्रंथ आहे. गरिबाला एका रीतीनं समजवावं, श्रीमंताला दुसऱ्या, बडबड्याला तिसऱ्या, अशी लांबण. मी चाळून सोडला. मास्तर लोकांना आवडेल.

पत्रांवर आलो आणि चष्मा पुसून बसलो. मी ३१ वर्षं एका जिनिंगच्या काट्यावर होतो, म्हणून असेल. सिसिलीत चर्चच्या मोठ्या जमिनी होत्या, पीटर नावाचा कारभारी त्या पाहायचा. ५९१ साली पोप त्याला लिहितो: पीक भरपूर आलं की कुळांचं धान्य भाव पाडून घेतात असं ऐकतो. पीक कमी असो की जास्त, हिशोब बाजारभावानंच कर. धान्य मोजायचं मोडियस हे माप १८ सेक्स्टारियसपेक्षा (हे त्याहून लहान माप) मोठं ठेवू नको. खोटी वजनं मोडून टाक, नवी कर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: कराचा पहिला हप्ता माल विकण्याआधीच भरावा लागतो, म्हणून कुळं सावकाराच्या दारात जातात. तेवढी रक्कम चर्चच्या पैशातून दे आणि हळूहळू वसूल कर, म्हणजे अडचणीत त्यांना माल मातीमोल विकावा लागणार नाही. वर हुकूम असा की हे पत्र सगळ्या कुळांना वाचून दाखव, त्याच्या नकला दे.

चौदाशे वर्षांपूर्वीचा माणूस काट्याची चोरी ओळखतो बाप्पा! आमच्याकडे क्विंटलमागं दोन किलो कट्टी जायची. कुणी विचारलं की ओलावा आहे म्हणायचं, हे मला शिकवलं होतं आणि मी ते म्हणतही होतो. मालकानं असं पत्र एकदाही लिहिलं नाही. बाकी पोपचीही फार आरती नको. कुळं जमिनीला बांधलेली होती. त्यांना मोकळं करा, असं या पत्रात नाही.

मी ते पत्र मराठीत सांगत पानठेल्यावर वाचलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग त्या पीटरनं आयकलं काय?" दुसऱ्याच वर्षीचं पत्र काढलं. त्यात पोप त्याला झापतोच आहे, आणि मधेच लिहितो की तू मला एक मरतुकडा घोडा आणि पाच चांगली गाढवं पाठवलीस. घोडा मरतुकडा म्हणून त्यावर बसवत नाही आणि गाढवं गाढवं आहेत म्हणून त्यांच्यावर बसवत नाही. सगळे खो खो हसले, मी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं, अन् नेमकी तीच चार पानं सुटून खाली आली.

फेविकॉलनं चिकटवली आहेत. परतीची मुदत तोवर संपली होती. घ्यायचंच असेल तर शिवलेल्या बांधणीची जुनी प्रत शोधा, ही नको.