तीन महिन्यांची साखर: टर्बिडिमेट्री की एचपीएलसी?

धुळे-नंदुरबार पट्ट्यात स्वतःची लॅब चालवणाऱ्याला एचबीएवनसीचे (हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजून मागच्या सुमारे तीन महिन्यांचा अंदाज देणारी चाचणी; थोडक्यात एवनसी) नमुने बाहेर पाठवणे आता परवडत नाही, आणि मग इम्युनोटर्बिडिमेट्रीचा (प्रतिपिंडामुळे येणाऱ्या गढूळपणावरून मोजणाऱ्या पद्धतीचा) किट घ्यावा की एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून आलेख काढणारे) यंत्र, हा प्रश्न समोर येतो. दोन्ही पद्धतींत एनजीएसपी-प्रमाणित (एवनसीच्या मोजणीला प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यक्रमाने मान्य केलेली) उत्पादने मिळतात. त्यामुळे निव्वळ माहितीपत्रकांवरून निर्णय होईल असे वाटत नाही.

टर्बिडिमेट्रीची सोय मोठी आहे. ती असलेल्याच बायोकेमिस्ट्री अॅनालायझरवर चालते आणि नवे भांडवल अडकत नाही. नमुने कमी आले की उघडलेला कॅलिब्रेटर (मोजणी जुळवण्याचा ज्ञात नमुना) वाया जातो, हेही मी चालवून घेतले असते. तिच्यावरून माझे मन उडाले ते एकाच कारणाने: ती आकडा देते आणि गप्प बसते.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडून येणाऱ्या नमुन्यांत सिकलसेलचा (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेला, निघणे नवलाचे नाही. सिकलसेलमधला बदल हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या 6व्या स्थानी असतो आणि एवनसी मोजताना पाहिली जाणारी साखर त्याच साखळीच्या टोकाला चिकटलेली असते. त्यामुळे किटमधील प्रतिपिंड त्या टोकाचा किती भाग ओळखते, यावर काही किटांचे आकडे वाहकांमध्ये बिघडतात. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णात तर तांबड्या पेशी नेहमीसारख्या 120 दिवस जगतच नाहीत, त्यामुळे साखर चिकटायला पुरेसा वेळ मिळत नाही; तरीही टर्बिडिमेट्रीवर 5.4 असा अगदी सभ्य आकडा छापून येऊ शकतो. मग डॉक्टरांचा फोन येतो, ‘फास्टिंग 180 आणि एवनसी साडेपाचच्या आत, हे कसे?’, आणि आपल्या हातात दाखवण्यासारखे काहीच नसते.

एचपीएलसीत आलेख हाती येतो. वाहकाच्या आलेखात ए-शून्यच्या (साखर न चिकटलेल्या नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या) मोठ्या शिखरामागे एसचे (सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचे) दुसरे शिखर उभे असते. रुग्णाच्या आलेखात, अलीकडे रक्त चढवले नसेल तर, ए-शून्य जवळपास नसतेच, आणि मग एवनसीचा आकडा न देता फ्रुक्टोसामाइन (रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी चाचणी) सुचवणे सोपे जाते. (या आलेखावर सिकलसेलचे निदान लिहू नये; त्यासाठी वेगळी खात्रीची तपासणी हवी.) लोहाच्या कमतरतेने फुगलेला एवनसी मात्र दोन्हीकडे सारखाच फसवतो.

एचपीएलसी खर्चिक आहे, यात वाद नाही. कॉलम (हिमोग्लोबिन वेगळे करणारी नळी) ठरावीक नमुन्यांनंतर बदलावा लागतो, रोज यंत्र सुरू करताना बफर (त्यातून वाहणारे द्रावण) जातो, आणि मधेच वीज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. चांगला यूपीएस किमतीतच धरावा. ज्यांच्याकडे नमुने तुरळक येतात त्यांना टर्बिडिमेट्री कदाचित पुरेल. बोरोनेट अॅफिनिटी (साखर चिकटलेले हिमोग्लोबिन बोरोनेटने पकडणारी) पद्धत वाहकांच्या बाबतीत फारशी डगमगत नाही, पण आलेखातून एस तीही दाखवत नाही.

मी एचपीएलसीकडे झुकलो. आपण घेणार असाल, तर डेमोच्या दिवशी ज्ञात वाहकाचा ईडीटीएतला (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यातला) नमुना विक्रेत्यासमोर यंत्रावर लावून पाहावा.